दम लागलेला पेशंट आणि इकोचा प्रोब: पीईमधला धोका खाटेजवळ कसा ओळखायचा

उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात बॉण्डवर नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. तुमच्याकडे सीटी नसेल. डी-डायमर (गुठळीच्या संशयात करायची रक्ततपासणी) बाहेरच्या लॅबमधून येत असेल आणि तोही दुसऱ्या दिवशी. पण सोनोग्राफीचं मशीन असतं, आणि नशीब असेल तर त्याला हृदयाचा छोट्या तोंडाचा प्रोबही असतो, म्हणजे इको, हृदयाची सोनोग्राफी, करता येते. तेवढ्यावर पल्मनरी एम्बोलिझमच्या (पीई), म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या पेशंटबद्दल बरंच काही ठरवता येतं.

एक पेशंट डोळ्यांसमोर ठेवू. पन्नाशीच्या मावशी. सोयाबीन काढताना बांधावरून घसरल्या, घोट्याच्या वरचं हाड मोडलं, प्लास्टर लागलं, तीन आठवडे खाटेवर. पहाटे साडेतीनला मुलगा घेऊन आला. म्हणाला, "रात्री बाहेर जायले उठली अन् धाडकन पडली. तवापासून दम लागून राह्यला." बीपी 104/70, नाडी 124, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन 88, श्वास मिनिटाला 30. स्टेथोस्कोप लावला तर छाती एकदम क्लिअर.

छाती क्लिअर आणि सॅच्युरेशन कमी, ही जोडी दिसली की माझा हात आधी पायाकडे जातो आणि मग प्रोबकडे.

इकोला नेमकं काय विचारायचं

नवीन डॉक्टर इकोला विचारतात, "पीई आहे का?" या प्रश्नाचं उत्तर इको धड देत नाही. पीई असलेल्या पुष्कळ पेशंटचा इको अगदी नॉर्मल असतो, म्हणून नॉर्मल इको पाहून पीई नाही असं म्हणून पेशंटला घरी पाठवायचं नाही. ही चूक लोक करतात आणि ती महाग पडते.

इकोला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हृदयाचा उजवा कप्पा, म्हणजे आरव्ही, हा भार पेलतोय की दमलाय? त्यावरून पुढचं ठरतं. पेशंट इथे ठेवायचा की मेडिकल कॉलेजला पाठवायचा, पाठवायचा तर सोबत कोण जाणार, आणि गुठळी विरघळवणारं औषध निघण्याआधी द्यायचं की नाही.

फक्त बीपी कोसळलेला पेशंट असेल तेव्हा इको पीईबद्दलही ठाम बोलतो. सिस्टोलिक, म्हणजे वरचं बीपी, 90 च्या खाली आहे आणि आरव्हीवर ताणाचं एकही लक्षण नाही, तर ते बीपी पीईमुळे पडलेलं नाही असं समजायला हरकत नाही. मग दुसरं कारण शोधा. त्याच खिडकीतून हृदयाभोवती साचलेलं पाणी, गळालेला डावा कप्पा किंवा रिकामं, जोरजोरात आवळणारं हृदयही दिसतं.

आरव्ही का दमतो

हे कळलं की पुढचं पाठ करावं लागत नाही. आरव्हीची भिंत पातळ, जेमतेम 3 ते 5 मिमी. त्याला आयुष्यभर कमी दाबाच्या फुप्फुसात रक्त ढकलायची सवय. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा साधारण 30 ते 50 टक्के भाग बंद होईपर्यंत तिथला दाब फारसा चढतच नाही. त्यापुढे मात्र सपाट रस्त्यावर हलकी बंडी ओढणाऱ्या बैलाला एकदम काळ्या मातीच्या चिखलात भरल्या कापसाच्या बंडीला जुंपल्यासारखं होतं. आरव्ही फुगतो, मधला पडदा डावीकडे ढकलतो, डाव्या कप्प्यात रक्त भरायला जागा राहत नाही आणि बीपी घसरतं. बीपी घसरलं की आरव्हीच्या स्वतःच्या स्नायूला रक्त कमी पडतं, तो आणखी दमतो. गाडी एकदा या उतारावर लागली की पेशंट अर्ध्या तासात हातातून जातो.

इथेच सलाईनचा घोळ होतो. आपल्याकडे नातेवाईक आल्याबरोबर म्हणतात, "डॉक्टर, एक सलाईन तर लावा न." बीपी कमी दिसलं की सिस्टरही लिटरभर बाटली लटकवतात. फुगलेल्या आरव्हीत आणखी पाणी ओतलं तर पडदा आणखी डावीकडे सरकतो आणि बीपी आणखी पडतं. खालची मोठी शीर, म्हणजे आयव्हीसी, बारीक आणि श्वासाबरोबर मिटणारी दिसली तरच थोडं द्या, तेही हळू आणि 500 मिलीच्या आत. आयव्हीसी तट्ट फुगलेली असेल तर बाटली बंद करून बीपी चढवणारं नॉरॲड्रेनॅलिन सुरू करा.

मशीनला हात लावण्याआधी

नाडी, बीपी, सॅच्युरेशन, ईसीजी. या चार गोष्टी आधी, ऑक्सिजन लावत लावत. ईसीजी इन्फेरियर हार्ट अटॅक वगळायला लागतो, कारण आरव्हीचा अटॅक इकोवर पीईसारखाच दिसू शकतो. एस1क्यू3टी3, ही पीईची पुस्तकी ईसीजी खूण, दिसली तर छान, नाही दिसली तर त्यावर काही अडत नाही. व्ही1 ते व्ही4 मध्ये उलटे टी मात्र नीट बघा, ते मला जास्त कामाचे वाटतात.

लगेच पीईचा धोका मोजणारा सोपा पेसी स्कोअर मांडा. सहा गोष्टी, प्रत्येकीला एक गुण: वय 80 च्या वर, कॅन्सर, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, नाडी 110 किंवा जास्त, सिस्टोलिक 100 च्या खाली, सॅच्युरेशन 90 च्या खाली. शून्य आला तर धोका कमी. मावशींचे दोन झाले, नाडीचा एक आणि सॅच्युरेशनचा एक.

कायद्याचंही एकदा डोक्यात ठेवा. सोनोग्राफीचं मशीन 1994 च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या, कायद्याखाली नोंदलेलं असतं आणि ते वापरणाऱ्या डॉक्टरचं नाव त्या नोंदणीत लागतं. तुमचं नाव चढलंय का हे रुजू झाल्याच्या आठवड्यातच वैद्यकीय अधीक्षकांना विचारा, पहाटे चारला नाही. पेशंट गरोदर असेल तर त्याच कायद्याचा एफ फॉर्म भरायचा आहेच. आणि गरोदर व ओल्या बाळंतिणीत पीईची जोखीम मुळातच जास्त असते, त्यामुळे हा प्रसंग तुमच्यावर येणार हे धरून चाला.

स्क्रीन उलटी तर नाही ना

हा भाग घाईनं वाचू नका. आपल्याकडचं मशीन दिवसभर पोटाच्या आणि गर्भाच्या तपासणीला वापरलं जातं. पोटाच्या प्रीसेटमध्ये (मशीनच्या ठरावीक सेटिंगमध्ये) प्रोबची दिशा दाखवणारा मार्करचा ठिपका स्क्रीनच्या डाव्या बाजूला असतो, हृदयाच्या प्रीसेटमध्ये उजव्या. तुम्ही हृदयाचा प्रोब लावला पण प्रीसेट बदलला नाही, तर सगळं चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटतं.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत असंच झालं. डावीकडचा कप्पा मोठा दिसला, मी मनात "आरव्ही, आरव्ही" म्हणत हेपरिन, गुठळी वाढू न देणारं औषध, काढायला सांगितलं. तो पेशंटचा डावा कप्पा होता, जुन्या कार्डिओमायोपथीनं फुगलेला. शेजारच्या सिनिअरनं काही न बोलता प्रीसेटचं बटण दाबलं आणि माझा आरव्ही टुणकन उजवीकडे गेला. तेव्हापासून ठिपका कुठे आहे हे पाहिल्याशिवाय मी जेल घेत नाही.

ठिपक्यावरही पूर्ण भरवसा नको. आरव्ही त्याच्या खुणांवरून ओळखा. त्याच्या टोकाकडे एक जाडसर पट्टी आडवी जाते, मॉडरेटर बँड. त्याची झडप, ट्रायकस्पिड, डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेपेक्षा किंचित टोकाच्या बाजूला चिकटलेली असते. आणि निरोगी हृदयाचं टोक डाव्या कप्प्याचं असतं. आरव्हीनं टोकापर्यंत मजल मारली असेल तर ती स्वतःच एक वाईट खूण आहे.

खोलीत अंधार करा. कॅज्युअल्टीच्या खिडकीतून ऊन येत असेल तर पेशंटचीच चादर खिडकीला लावा. आणि मशीनची बॅटरी किती मिनिटं चालते ते आधीच माहीत असू द्या, लोडशेडिंग काही विचारून येत नाही.

चार खिडक्या

दम लागलेल्या माणसाला सपाट झोपवू नका. पाठ उंच ठेवून, जमेल तेवढं डाव्या कुशीवर. "मावशी, डावा हात डोक्याखाली घ्या, माझ्याकडे पाठ करा" एवढं सांगितलं की बहुतेकांचं हृदय बरगड्यांच्या जवळ येतं.

पहिली खिडकी छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, तिसऱ्या-चौथ्या फटीत, मार्कर पेशंटच्या उजव्या खांद्याकडे. इथे वरचा आरव्हीचा भाग, महाधमनी आणि डावं आलिंद साधारण सारख्या जाडीचे दिसायला हवेत. वरचा भाग उरलेल्या दोघांवर शिरजोर झालेला दिसला की कान टवकारा, पण निर्णय इथे करू नका.

तिथेच हात न हलवता प्रोब घड्याळाच्या दिशेनं नव्वद अंश फिरवा, मार्कर डाव्या खांद्याकडे. ही आडवी चकती. नॉर्मल हृदयात डावा कप्पा तव्यावरच्या भाकरीसारखा गोल असतो आणि आरव्ही तिच्या कडेला चंद्रकोरीसारखा टेकलेला. आरव्हीत दाब चढला की मधला पडदा सपाट होतो आणि भाकर एका बाजूनं कापल्यासारखी इंग्रजी डी अक्षरासारखी दिसते. एक बारकावा: पडदा हृदय आवळतानाही सपाट राहत असेल तर तो दाबाचा भार आहे, आणि फक्त हृदय सैल पडताना सपाट होत असेल तर जास्त रक्ताचा. चित्र गोठवा आणि एकेक फ्रेम मागे-पुढे सरकवून बघा. प्रोब तिरका लागला तरी खोटा डी दिसतो, म्हणून भाकर आधी नीट गोल आणायचा प्रयत्न करा. गोल येतच नाही असं झालं तरच डी म्हणा.

तिसरी खिडकी हृदयाच्या टोकाची, चारही कप्पे एकत्र दाखवणारी. स्तनाच्या खाली, थोडं काखेकडे, मार्कर पेशंटच्या डाव्या बाजूला. मुख्य काम इथेच आहे.

आधी नुसत्या डोळ्यानं बघा. नॉर्मल आरव्ही डाव्या कप्प्याच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त रुंद नसतो. मग हृदय पूर्ण भरलेल्या फ्रेमवर थांबा, झडपांच्या जरा वर दोन्ही कप्प्यांची आतली रुंदी मोजा आणि भागाकार करा. एकाच्या वर गेला तर आरव्ही फुगलाय. मावशींचा आरव्ही 46 आणि डावा कप्पा 36 आला, म्हणजे जवळपास 1.3. मोजताना सगळ्यात जास्त चूक प्रोब टोकाच्या वर, म्हणजे छातीच्या हाडाकडे लावल्यानं होते. तसं केलं की डावा कप्पा आखूड आणि आरव्ही उगाच मोठा दिसतो. डावा कप्पा पोपटाच्या चोचीसारखा लांब दिसेपर्यंत प्रोब खाली आणि बाहेर सरकवत राहा.

त्यानंतर टॅप्सी, म्हणजे आरव्ही किती जोरानं आवळतो याचं माप. एम-मोडची रेघ ट्रायकस्पिडच्या बाहेरच्या कोपऱ्यातून न्या. तो कोपरा प्रत्येक ठोक्याला टोकाकडे सरकतो, पडद्यावर लाटेसारखी रेघ उमटते. लाटेच्या तळापासून माथ्यापर्यंत मोजा. 16 मिमीच्या खाली आली तर आरव्हीचं आवळणं कमी झालंय. हे माप शिकायला सोपं आणि दोन डॉक्टरांत फारसा फरक न येणारं आहे, म्हणून नवीन माणसानं आधी हेच हातात बसवावं असं मला वाटतं. फक्त रेघ तिरपी गेली तर आकडा खोटा कमी येतो. मावशींची लाट 12 वर अडली होती.

मॅकॉनेल खूण 1996 मध्ये वर्णन झाली. आरव्हीची बाहेरची भिंत मधोमध गप्प बसलेली आणि टोक मात्र व्यवस्थित उडतंय, असं ते चित्र. पहिल्यांदा दिसलं की विसरत नाही. दिसलं तर पीईच्या बाजूनं जोर येतो, पण आरव्हीच्या अटॅकमध्येही दिसतं. आणि पीईच्या थोड्याच पेशंटमध्ये ती असते, तेव्हा नाही दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

चौथी खिडकी छातीच्या हाडाच्या खाली, पोटावरून. बिड्यांनी फुगलेल्या छातीच्या म्हाताऱ्या बाबांमध्ये वरून काहीच दिसत नाही, तिथे हीच तारते. गुडघे दुमडायला सांगा, प्रोब जवळजवळ पोटावर आडवा करून डाव्या खांद्याकडे बघू द्या. इथे आरव्हीची भिंत सगळ्यात नीट मोजता येते. मग प्रोब उभा करून आयव्हीसी बघा. 21 मिमीपेक्षा जाड आणि नाकानं जोरात श्वास ओढल्यावर निम्म्याहून कमी मिटणारी असेल तर उजव्या बाजूचा दाब चढलाय. "तपकीर ओढल्यावानी करा" म्हटलं की आमच्याकडच्या पेशंटला लगेच समजतं. 'स्निफ करा' म्हणून काही होत नाही.

सगळ्या खिडक्यांमध्ये उजव्या बाजूला काही लवलवतंय का ते बघा. सापासारखी वळवळणारी लांब गुठळी आरव्हीत किंवा आलिंदात दिसली तर ती फुप्फुसाकडे निघालेलीच आहे. अशा पेशंटला हालवण्याआधी वरच्या डॉक्टरांशी फोनवर बोला.

डॉप्लर येत असेल तर

नसेल येत तर हा भाग सोडून पुढे जा, वरच्या गोष्टींवरच बहुतेक निर्णय होतात.

ट्रायकस्पिडमधून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग मोजा. वेगाचा वर्ग करून चारनं गुणलं की दाबाचा फरक मिळतो. 3 मीटरचा वेग म्हणजे 36. अचानक भार आलेला आरव्ही फार मोठा दाब निर्माण करूच शकत नाही, त्याच्यात तेवढं बळ नसतं. म्हणून वेग 3.8 मीटरच्या वर किंवा फरक 60 च्या वर आला तर हा रोग जुना आहे असा संशय घ्या. फुप्फुसाच्या धमनीतला प्रवाह 60 मिलिसेकंदांच्या आत शिखर गाठत असेल आणि ट्रायकस्पिडचा फरक मात्र 60 च्या खाली असेल, तर ती 60/60 खूण, ताज्या पीईच्या बाजूनं.

आपल्या भागातले चकवे

पुस्तकात सीओपीडी (धुरानं, बिडीनं होणारा जुना दमा) आणि पल्मनरी हायपरटेन्शन (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला चढलेला दाब) एका ओळीत उरकतात. विदर्भात या ओळीला फाटे फुटतात.

सिकलसेल पहिला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा भागात सिकलसेलचा पेशंट दम घेऊन आला तर ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम (सिकलसेलमुळे फुप्फुसावर येणारा झटका), पीई आणि वर्षांचं जुनं पल्मनरी हायपरटेन्शन हे तिन्ही शक्य असतात, कधी एकत्रसुद्धा. त्याचा आरव्ही आधीपासून मोठा असू शकतो. जुना इको कागद आहे का विचारा. दुसरा, संधिवाताच्या तापानं आखडलेली मायट्रल झडप. अनेक बायांमध्ये ती पहिल्यांदा बाळंतपणातच उघडकीला येते. आरव्ही बघून "पीई" म्हणण्याआधी मायट्रल उघडते कशी ते दहा सेकंद बघा. तिसरा, क्षयरोगानं खाल्लेलं फुप्फुस. चौथा, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आजी, ज्यांनी एक बिडीही ओढलेली नसते पण सीओपीडी पक्का असतो.

या सगळ्यांत उपयोगी पडते ती आरव्हीची भिंत. 5 मिमीच्या वर जाड असेल तर ती एका रात्रीत जाड झालेली नाही. एकदा जुन्या सीओपीडीच्या बाबांना मी फुगलेल्या आरव्हीवरून रात्रीच पाठवलं. वरच्या रुग्णालयात भिंत 8 मिमी निघाली आणि सीटीत गुठळी नव्हती. भिंत मोजायचा कंटाळा केला होता, दुसरं काही नाही. पण उलटंही लक्षात ठेवा, जुन्या रोग्याला नवी गुठळी होऊ शकते. जाड भिंत दिसली म्हणून पीई रद्द होत नाही, फक्त इकोचा पुरावा तेवढा पातळ होतो.

आणि डी-डायमर. साप चावलेला, स्क्रब टायफसचा ताप, सेप्सिस, नुकतीच बाळंतीण, या सगळ्यांत तो वाढतो. पावसाळ्यात आपल्या वॉर्डात याशिवाय असतं कोण?

हृदय बंद पडून सीपीआर चालू असताना आरव्ही फुगलेला दिसला तर त्यावर फार विसंबू नका, लांबलेल्या सीपीआरमध्ये तो कशानेही फुगतो.

इको झाला की पायाकडे

लांब सरळ प्रोब घ्या. जांघेत आणि गुडघ्यामागे, दोन ठिकाणी शीर दाबून बघा. निरोगी शीर दाबली की मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. तीन मिनिटांचं काम आहे. पीईची लक्षणं असलेल्या पेशंटची मांडीतली शीर मिटत नसेल तर उपचार सुरू करायला सीटीची वाट बघायची गरज उरत नाही. मावशींची प्लास्टरच्या पायाची जांघेतली शीर दगडासारखी. मुलगा म्हणाला, "पाय तं चार दिवसापासून भरून आला होता, प्लास्टरनं होत असंन म्हणलं."

आता पेशंट कुठल्या खणात

युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या 2019 च्या मार्गदर्शनातली विभागणी आपल्याला पुरते.

बीपी कोसळलं, म्हणजे सिस्टोलिक 90 च्या खाली, किंवा नेहमीपेक्षा 40 नं पडून 15 मिनिटांहून जास्त तसंच राहिलं आणि त्याला दुसरं कारण नाही, तर धोका मोठा. अशा पेशंटचा इको आरव्हीवर ताण दाखवत असेल आणि सीटी जवळ नसेल, तर इकोच्या जोरावर गुठळी विरघळवणारं औषध देता येतं. हे वाक्य फ्रेम करून कॅज्युअल्टीत लावावं असं आहे, कारण आपल्याकडे सीटी कायमच लांब असतो. भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून गेलं की सगळा तालुकाच तुटतो, तिथल्या डॉक्टरनं कुणाची वाट बघायची?

विरघळवणारं औषध अल्टेप्लेज असेल तर 100 मिग्रॅ दोन तासांत. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर 15 लाख युनिट दोन तासांत, आणि ते चालू असताना हेपरिनचं इन्फ्युजन बंद. त्याआधी विचारायचंच: डोक्यात कधी रक्तस्राव झालाय का, सहा महिन्यांत अर्धांगवायू, तीन आठवड्यांत मोठं ऑपरेशन किंवा डोक्याला मार, आत्ता कुठून रक्त जातंय का. मावशी धाडकन पडल्या होत्या, म्हणून त्यांच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला. अशा वेळी हे विसरणं फार सोपं असतं.

बीपी टिकून आहे, पण आरव्ही दमलेला आणि ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं रक्तातलं लक्षण) वाढलेलं, हा मधल्या धोक्यातला वरचा गट. ट्रोपोनिनची कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि मावशी इथे बसल्या. या गटाला औषध देऊन गुठळी विरघळवायचा मोह होतो. 2014 च्या पीथो अभ्यासात अशा 1005 पेशंटना विरघळवणारं टेनेक्टेप्लेज किंवा नुसतं हेपरिन दिलं गेलं. बीपी कोसळणं किंवा मृत्यू 5.6 वरून 2.6 टक्क्यांवर आला, पण पक्षाघात 0.2 वरून 2.4 टक्क्यांवर गेला. म्हणून सरसकट द्यायचं नाही. हेपरिन द्यायचं, नजर ठेवायची, आणि बीपी घसरलं तरच विरघळवायचं.

आरव्ही किंवा ट्रोपोनिन यांपैकी एकच बिघडलं असेल किंवा दोन्ही ठीक पण पेसी एक किंवा जास्त, तर मधल्यातला खालचा गट. पेसी शून्य आणि आरव्ही ठीक, तर कमी धोका. मात्र पेसी शून्य असून आरव्ही फुगलेला दिसला तर पेशंटला कमी धोक्यात टाकायचं नाही. हा फरक फक्त इको बघणाऱ्यालाच कळतो.

हेपरिन मात्र या सगळ्या हिशेबासाठी अडवून ठेवू नका. संशय दाट असेल आणि रक्तस्राव नसेल तर प्रोब हातात घेण्याआधीच पहिला डोस. साधं हेपरिन किलोला 80 युनिट एकदम आणि मग तासाला किलोमागे 18, किंवा एनॉक्सापॅरिन किलोला 1 मिग्रॅ दर बारा तासांनी. ज्याला विरघळवावं लागेल असं वाटतं त्याला साधं हेपरिन बरं, हवं तेव्हा थांबवता येतं. पण ॲम्ब्युलन्समध्ये पंप नसेल आणि खड्ड्यांचा रस्ता असेल, तर अर्धवट चाललेल्या इन्फ्युजनपेक्षा पोटाच्या कातडीखाली दिलेलं एक एनॉक्सापॅरिन मला जास्त खात्रीचं वाटतं. मावशींना तेच दिलं.

नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यायची घाई करू नका. दाबानं आत गेलेली हवा आरव्हीला आणखी अडवते आणि भुलीच्या औषधानं बीपी त्याच क्षणी जाऊ शकतं.

चिठ्ठी आणि प्रवास

रेफरच्या चिठ्ठीत "सस्पेक्टेड पीई, रेफर्ड फॉर फर्दर मॅनेजमेंट" एवढंच लिहिलं तर तुमच्या इकोचा कुणाला उपयोग नाही. मावशींच्या चिठ्ठीत असं होतं: पहाटे 4.10 ला इको. आरव्ही/एलव्ही 1.3, टॅप्सी 12, पडदा सपाट, भिंत 4 मिमी, आयव्हीसी 23 मिमी आणि न मिटणारी, डावा कप्पा छान आवळतोय, पाणी नाही. डाव्या जांघेतली शीर मिटत नाही. ट्रोपोनिन पॉझिटिव्ह. एनॉक्सापॅरिन 60 मिग्रॅ 4.05 ला. बीपी टिकून, म्हणून थ्रोम्बोलिसिस दिलेलं नाही. विरोधी कारणं विचारली, नाहीत.

शेवटच्या दोन ओळी सगळ्यात महत्त्वाच्या. समोरच्याला रात्री दोनदा फोन करावा लागत नाही. क्लिपा मोबाइलवर घेऊन पाठवा, पण स्क्रीनवरचं नाव झाकून.

एकशे आठमध्ये सोबत डॉक्टर गेला. त्याला सांगितलं ते असं: दर पंधरा मिनिटांनी बीपी, सिस्टोलिक 90 च्या खाली आलं तर गाडी बाजूला घेऊन लगेच पुन्हा मोज, दुसऱ्यांदाही तसंच आलं तर मला फोन. बॅगेत स्ट्रेप्टोकायनेज आणि नॉरॲड्रेनॅलिन. सलाईनची बाटली नाही. मुलानं पुन्हा विचारलंच, "सलाईन नाही लावत का?" त्याला स्क्रीनवरचा फुगलेला कप्पा दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बरं, मंग नका लावू."

अकराच्या सुमारास मेडिकलमधून रेसिडेंटचा फोन आला. सीटीत दोन्ही मुख्य फांद्यांमध्ये गुठळ्या, बीपी 110, विरघळवायची वेळ अजून आलेली नाही. आणि पहाटेची आडव्या चकतीची क्लिप पुन्हा पाठवा, म्हणाला, सायंकाळी इको करून तिच्याशी ताडून बघायचा आहे.